भांडणांची पोथी

फार फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षांपूर्वीची ते विचारू नका. ज्यांनी मला सांगितली, त्यांनाही ठाऊक नव्हते. डोंगराच्या पायथ्याशी एक गाव होते आणि गावाच्या उशाला एक मोठे तळे होते. गाव इतर गावांसारखेच होते. म्हणजे माणसे कष्टाळू होती, देवभोळी होती आणि भांडखोर होती.

बिनभांडणाचे गाव तुम्ही पाहिले आहे का? मी तरी नाही पाहिले. भांड्याला भांडे लागायचेच. या गावाचे वेगळेपण एवढेच, की त्यांनी भांडणांसाठी एक पोथी ठेवली होती.

ही पोथी गावातल्या म्हाताऱ्या कोष्ट्याकडे असे. त्याच्या मागाशेजारच्या कोनाड्यात, लाल फडक्यात बांधलेली. कोणाचे कोणाशी बिनसले, की दोघांनी कोष्ट्याच्या ओसरीवर यायचे. पण तिथे आपली तक्रार सांगायची नाही. समोरच्याची सांगायची. ती अशी सांगायची, की समोरच्याने मोठ्याने "हो, हेच" म्हटले पाहिजे. ते शब्द कानांवर पडल्याशिवाय कोष्टी टाक दौतीत बुडवीत नसे; पण एकदा बुडवला, की आधीचे फसलेले प्रयत्नही लिहून ठेवी. मग दुसऱ्याने पहिल्याचे म्हणणे तसेच सांगायचे. दोन्ही बाजू लिहून झाल्या, की शेवटच्या पानाचा खालचा भाग कोरा राही. तिथे काय लिहायचे, ते दोघांनी मिळून ठरवायचे. निवाडा करायला ना पंच, ना पाटील. आणि अट अशी, की दोन्ही बाजू लिहून होईपर्यंत भांडणातल्या वस्तूला दोघांपैकी कोणीही हात लावायचा नाही.

ऐकायला सोपे वाटते ना? एकदा घरी करून बघा.

याच गावात सटवाजी नावाचा कुंभार राहत होता. हात सोन्याचा, जीभ मात्र मिरचीची. त्याच्या माठातले पाणी म्हणे भर वैशाखात दातांना झिणझिण्या आणी. अक्षय्यतृतीयेला पितरांच्या नावाने पाण्याचे मडके द्यायचे, तर पंचक्रोशीतल्या लोकांना ते सटवाजीचेच हवे असे. त्याची बायको चार वर्षांपूर्वी वारली होती. मूलबाळ नव्हते. घरात आवाज होता तो फक्त चाकाचा, आणि सटवाजीला तेवढा पुरे होता, निदान तो तसे म्हणत असे.

मडक्यांची चिकणमाती तळ्यातून यायची. तळ्याच्या उथळ काठाला गाळ असा बसे, की हातात घेतला तर लोण्यासारखा. माघ लागला, की बांधातली मोरी उघडून तळ्याचे पाणी उतरवायचे, काठ उघडा पडला की सटवाजीने माती खणायची, हा वर्षानुवर्षांचा शिरस्ता होता.

पण त्याच तळ्यावर भोयाचे एक घरही जगत होते. लखमू भोई आणि त्याची बायको यमुना. ते तळ्यात शिंगाडे लावत. दोन मोठी मडकी उपडी घालायची, त्यांवर आडवा बांबू बांधायचा आणि त्यावर ओणवे होऊन पाण्यात तरंगत वेलींचे शिंगाडे तोडायचे, असे ते काम. मडकी अर्थात सटवाजीची. लखमू आणि सटवाजी लहानपणापासूनचे जिवलग. एकाच चिंचेखाली खेळले, एकाच तळ्यात पोहायला शिकले. पण चार वर्षांपूर्वी लखमू चिंचेवरून पडला, गुडघ्यातून अधू झाला आणि घरी बसला. तेव्हापासून पाण्यात यमुना एकटी उतरत होती.

आणि तेव्हापासूनच यमुनेचे आणि सटवाजीचे फाटले.

शिंगाडे तोडून झाले, की पुढच्या वर्षीच्या वेली ती त्याच उथळ काठाला गुडघाभर पाण्यात जपून ठेवी. पाणी उतरवले, की त्या उघड्या पडत. पहिल्या वर्षी तिने सांगून पाहिले. दुसऱ्या वर्षी ती ओरडली. तिसऱ्या वर्षी दोघांनी एकमेकांच्या सात पिढ्या काढल्या. आणि या वर्षी माघ लागताच यमुना मोरीच्या दगडावर फतकल मारून बसली आणि म्हणाली, की यंदा मोरी उघडणार नाही.

सटवाजी तडक कोष्ट्याकडे गेला. त्याला खात्री होती, की आपली बाजू खरी आहे. शिरस्ता त्याच्या बाजूने, गाव त्याच्या बाजूने, मडक्यांना ताटकळलेली पंचक्रोशी त्याच्या बाजूने. रात्रभर त्याने आपले मुद्दे पाठ केले होते. एकूण सतरा. पोथीच्या ओसरीवर त्यांतला एकही चालत नाही, हे तो रागाच्या भरात साफ विसरला होता. या गावात ही चूक सगळेच करत, आणि कोष्टी दर वेळी हसू दाबत असे.

"यमुनेचं म्हणणं सांग," कोष्टी म्हणाला.

सटवाजी म्हणाला, "तिचं म्हणणं असं, की तळं तिच्या बापाचं आहे."

ओसरीवर जमलेली चार टाळकी हसली. यमुना हसली नाही. ती म्हणाली, "नाही." कोष्ट्याने धोटा फेकला, माग खडखडला, आणि त्या दिवसाचे काम संपले.

दुसऱ्या दिवशी सटवाजीने जरा नेटाने सांगितले. वेलींना गुडघाभर पाणी लागते, ते उतरले तर वेली वाळतात, वेली वाळल्या तर पुढच्या वर्षी शिंगाडे नाहीत. इथे थांबला असता तर बरे झाले असते. पण जीभ मिरचीची. "आता चार वेलींपायी गावानं मडक्यांवाचून राहायचं का, ते तिचं तिलाच विचारा," एवढे त्याने शेवटी जोडलेच.

कोष्टी म्हणाला, की शेवटचे वाक्य तुझे आहे, तिचे नव्हे. उद्या ये.

तिसऱ्या दिवशी त्याने शेपूट न जोडता सगळे सांगितले. यमुनेने पदराचे टोक बोटाला गुंडाळले. मग म्हणाली, "खरं आहे भावजी. पण एवढंच नाही."

चार वर्षे दोघांत गोड शब्द नव्हता, तरी तिच्या तोंडचे 'भावजी' सुटले नव्हते. ते ऐकून सटवाजी अधिकच चिडला. अजून काय आहे ते सांगून मोकळे व्हा, असे तो म्हणाला.

"ते मी बोलायचं नाही, असा घरी शब्द दिलाय," यमुना म्हणाली. "तुम्हालाच शोधायला हवं."

आता आली का पंचाईत? माघाचे दहा दिवस सरले होते. मोरी बंद होती आणि तिला हात लावायची सोय नव्हती. सटवाजीच्या अंगणातली मळलेली माती संपली. चाक थांबले. गिऱ्हाइके दारात येऊन रिकामी परतू लागली. कोणी म्हणाले, की यंदा पलीकडच्या गावच्या कुंभाराला सांगू. त्याचे सटवाजीला वाईट वाटलेच. पण त्याहून वाईट होती ती घरातली शांतता. चाक फिरत होते तोवर बायको नसलेले घर त्याला कसेबसे सोसत होते. आता भाकरी मोडली तरी तिचा आवाज भिंतीवर आपटून परत यायचा.

अकराव्या दिवशी तो कोष्ट्याच्या ओसरीवर जाऊन नुसताच बसला. कोष्ट्याने लाल फडके सोडले आणि पोथी त्याच्यापुढे ठेवली. वाचायला कोणाला मनाई नव्हती, पण आजवर कोणी वाचायला मागितली नव्हती. आपले भांडण लिहून झाले, की माणसाचा त्या पोथीतला रस संपत असे.

सटवाजीला अक्षरओळख होती. त्याने पोथी उघडली ती एखादी युक्ती सापडेल या आशेने. जुन्या लोकांनी समोरच्याकडून "हो" कसे काढून घेतले, ते बघावे आणि तसेच करावे, एवढाच त्याचा विचार. उघडली आणि वाचता वाचता गुंतला.

एका पानावर दोन जावांचे भांडण होते. एकीची कोंबडी दुसरीच्या वाळवणात शिरली म्हणून सुरू झालेले. तीनदा "नाही" झाले होते. चौथ्यांदा थोरलीने धाकटीचे म्हणणे सांगितले होते, ते असे, की 'माझ्या पोरीच्या बारशाला तुम्ही आला नाहीत. कोंबडीचे काय, ती रोजच शिरते.' खाली धाकटीचे 'हो, हेच'.

दुसऱ्या पानावर बांधावरच्या आंब्याच्या फांदीसाठी दोन शेतकरी डोकी फोडायला निघाले होते. चार पाने उलटल्यावर निघाले काय, तर एकाची आई गेली तेव्हा दुसरा गावात असूनही खांदा द्यायला आला नव्हता. आणि का आला नव्हता, तर त्या दिवशी त्याला ताप होता आणि ते सांगायला तो विसरला होता. सटवाजीने कपाळाला हात लावला. एवढ्याशा गोष्टीसाठी आंब्याची फांदी!

मग एका पानावर त्याला स्वतःच्या आजोबांचे नाव दिसले.

आजोबांचे भांडण शेजारच्या तेल्याशी होते, भट्टीच्या धुरावरून. आजोबांनी तेल्याचे म्हणणे पहिल्यांदा सांगितले होते ते ऐकण्यासारखे होते: 'याच्या नाकाला धूर सोसत नाही, कारण नाक फार वर आहे.' सटवाजीला हसू फुटले. जीभ घराण्यातच होती म्हणायची. पण पान उलटल्यावर आजोबा म्हणत होते, 'याची सून खोकते आहे. याचा एक मुलगा असाच खोकून गेला. हा धुरावर ओरडत नाही, हा घाबरला आहे.' तेल्याचे 'हो, हेच' त्याखाली लिहिले होते. आणि अगदी खाली एकच ओळ: भट्टी गावाबाहेर न्यावी, पहिली खेप तेल्याच्या बैलगाडीने.

सटवाजीने पोथी मिटली. भट्टी इतकी लांब का बांधली म्हणून त्याने जन्मभर आजोबांना शिव्या घातल्या होत्या.

युक्ती अशी पोथीत एकही नव्हती. पण एक गोष्ट पानापानांवर होती, ती त्याला आता दिसली. माणूस ज्याच्यावरून भांडतो, त्याच्या खाली दुसरेच काही असते, आणि ते कधीपासून सुरू झाले हे पाहिले की ते सापडते. सटवाजीने बोटे मोजली. यमुना पहिल्यांदा चिडली ती चार वर्षांपूर्वी. लखमू पाण्यात उतरायचा थांबला, तोही चार वर्षांपूर्वी. मग चिंचेवरून पडलेल्या नवऱ्याचा राग ती तळ्यावर का काढत होती?

तो उठला आणि भोयाच्या घराकडे चालू लागला. चार वर्षांत पहिल्यांदाच.

तसा तो लखमू पडला तेव्हा एकदा गेला होता. पण यमुनेने त्याला दारातूनच परतवले होते, ते झोपलेत म्हणून. आत लखमूच्या खोकण्याचा आवाज येत होता. तो अपमान सटवाजीने गाठीला बांधून ठेवला होता. आज यमुना दारात नव्हती, तळ्यावर गेली होती. लखमू अंगणात जाळे विणत बसला होता. सटवाजीला पाहून त्याचे हात थांबले, आणि नंतर त्याने शेजारची जागा हाताने झाडली.

सटवाजी बसला. मग त्याने विचारले, "लखम्या, तू चिंचेवरून पडला नाहीस ना?"

लखमूने जाळे मांडीवर ठेवले. मग त्याने सांगितले. त्या वर्षी भाद्रपदात, तळे तुडुंब असताना, तो उथळ काठाला वेली सरळ करत होता. पाणी कमरेएवढेच होते. एक पाऊल पुढे टाकले आणि पायाखाली काहीच नव्हते. सटवाजीने माघात खणलेला खड्डा होता तो, भिंतीसारखा सरळ कापलेला. लखमूचा पाय कडेवर अडकून गुडघ्यात पिळला आणि तो बुडाला. हाताला मडक्यांचा तराफा लागला म्हणून वर आला. यमुना काठावरून बघत होती.

"मग माझं नाव का नाही घेतलंस?" सटवाजीने विचारले.

"घेऊन काय करणार होतो? श्रावणात तुझी बायको गेली होती. तुला तुझंच भान नव्हतं. त्यात हे कुठं सांगायचं? हिला म्हटलं, चिंच म्हणायचं. शब्द घेतला तिच्याकडून." लखमू जाळ्याची गाठ चाचपत म्हणाला. "ती तेव्हापासून तुझ्यावर जळते. तिचंही बरोबर आहे. रोज पाण्यात तीच उतरते ना."

सटवाजी मान खाली घालून ऐकत होता. खड्ड्याला उतार काढायला अर्धा दिवस जास्त लागतो. त्याचे वडील उतार काढत. त्याने तो अर्धा दिवस वाचवला होता, आणि आपल्या सरळ कापलेल्या खड्ड्यांचा त्याला अभिमानही होता. आता त्याला स्वतःची अशी लाज वाटली, की तिथून उठून पळावेसे वाटले. पण तो पळाला नाही. त्याने लखमूच्या अधू गुडघ्यावर हात ठेवला.

दुसऱ्या सकाळी कोष्ट्याच्या ओसरीवर सटवाजी उभा राहिला. या वेळी तो हळू बोलला.

"वहिनींचं म्हणणं असं आहे. तुमच्या खड्ड्यानं माझ्या नवऱ्याचा पाय नेला. जीवच जायचा. तुमच्या दुःखाकडं बघून त्यांनी तोंड शिवलं आणि माझंही शिवलं. आता मी एकटी पाण्यात उतरते, तेव्हा दर पावलाला वाटतं, इथं खड्डा असेल. आणि तुम्ही दर वर्षी नवा खणता. वेली वाळतात त्याचं दुःख आहेच. पण मी बुडाले, तर घरात त्यांना पाणी द्यायला कोण आहे?"

माग थांबला होता. यमुनेच्या डोळ्यांतून पाणी वाहत होते आणि ती ते पुसत नव्हती.

"हो," ती म्हणाली. "हेच."

कोष्ट्याने टाक बुडवला आणि सगळे लिहून घेतले. मग तो यमुनेकडे वळला. आता सटवाजीचे म्हणणे तिने सांगायचे. ओसरीवरच्यांनी मांड्या सैल केल्या. यातही तीन-चार दिवस जातील असा त्यांचा अंदाज होता. सटवाजीलाही तेच वाटले. माती, मोरी, शिरस्ता, मडकी, एवढे तिने म्हटले तरी "हो" म्हणून टाकायचे, असे त्याने ठरवले होते.

यमुना म्हणाली, "भावजींचं म्हणणं असं आहे. माझी बायको गेली. तेराव्याला सगळे आले. चौदाव्या दिवसापासून कोणी आलं नाही. ज्याच्या घरी मी लहानपणापासून जेवलो, त्यानंही चौकशी केली नाही. मी गेलो, तर वहिनीनं दारातून परतवलं. मला राहिलं काय, तर चाक. तेवढं फिरतं म्हणून मी आहे. त्या चाकाची माती तुम्ही बंद केलीत."

हे तिला चार वर्षे ठाऊक होते, तिच्या बोलण्यावरून ते सगळ्यांना कळले. रागापायी तिने ते दाबून ठेवले होते, इतकेच.

सटवाजीने मान हलवली. कोष्टी टाक उचलून बसून राहिला.

"मान हललेली पोथीत लिहिता येत नाही," म्हातारा म्हणाला. "तोंडानं म्हण."

सटवाजीने दोनदा तोंड उघडले आणि दोनदा मिटले. ज्याच्या जिभेला उभे गाव भीत होते, त्याला दोन शब्द जमेनात. तिसऱ्यांदा जमले.

"हो. हेच."

पानाचा खालचा भाग भरायला मग फार वेळ लागला नाही. मोरी उघडायची, पण पाणी निम्मेच उतरवायचे असे ठरले. खणलेल्या खड्ड्यांत पाणी आपोआप राहते, तर वेली त्या खड्ड्यांतच जपायच्या. मात्र त्यासाठी सटवाजीने जुन्या-नव्या सगळ्या खड्ड्यांना चारही बाजूंनी उतार काढायचा आणि प्रत्येकाच्या कडेला उंच बांबू रोवायचा, म्हणजे तळे भरले तरी खड्डा कुठे आहे ते लांबून दिसेल. चार वर्षे ज्या खड्ड्यांवरून भांडण पेटले होते, त्यांतच त्याचा तोडगा पाण्याने भरून पडलेला होता. तो दोघांपैकी एकालाही दिसला नव्हता, कारण दोघेही मोरीकडे बघत होते.

त्या वर्षी अक्षय्यतृतीयेला मडकी जरा कमी पडली, काही लोकांनी कुरकुर केली. पण चाक फिरत होते. सटवाजीच्या अंगणात आता एक बाज कायमची टाकलेली असे. तिच्यावर लखमू पाय लांब करून जाळे विणत बसे, आणि चाकाच्या घरघरीवरून दोघे एकमेकांशी मोठमोठ्याने बोलत. कधी कधी भांडतही.

म्हणून मुलांनो, आणि मुलांच्या आईबापांनो, एवढे ध्यानात ठेवा: आपली बाजू प्रत्येकालाच पाठ असते, भांडण मिटते ते समोरच्याची बाजू पाठ झाल्यावर.